घंटेनंतरचं वाक्य

अबुधाबी
शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९

ती. दादा,

यापुढे 'साष्टांग नमस्कार' लिहितात. मी तो मुद्दाम गाळला आहे. नऊ वर्षांपूर्वी, आपल्या वडिलांच्या, अप्पांच्या तेराव्याला, कराडच्या घराच्या दारात उभं राहून तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या तोंडानं अप्पांना मारलं." त्या वाक्याचा निकाल लागेपर्यंत माझं डोकं तुमच्या पायाशी वाकणार नाही. लहानपणी मी तुम्हाला अरे दादा म्हणायची. आज 'तुम्ही' लिहिते आहे, तो मान समजू नका.

आता कामाचं. अंकुर बरा आहे. हे आधी वाचा, मग रागवा.

तुमचा मुलगा दुबईत नोकरीला लागल्यापासून दर शुक्रवारी माझ्याकडे जेवायला येतो. त्याने तुम्हाला सांगितलेलं नाही, मी सांगते. तिथल्या देरा भागात एका खोलीत सहा जणांत राहणारा पोरगा घरच्या वरणभातासाठी शेअर टॅक्सीत दाटीवाटीने बसून येतो, यात माझी काही फूस नाही. भूक आहे.

गेल्या महिन्यात जेवताना तो मध्येच थांबला. उजवा पंजा छातीवर सपाट ठेवला, मान जरा डावीकडे केली आणि कोरडं खोकला. दादा, तो अप्पांचा हात होता. हुबेहूब. मी पोळी तव्यावर तशीच सोडली.

"काय होतंय?"

"काही नाही गं आत्या. ॲसिडिटी. छातीत जरा फडफडतं, मग थांबतं."

"किती दिवस?"

"कॉलेजपासून. बाबांना बोलू नकोस. ते लगेच मला झोपवून ठेवतील."

त्याचा गालही सुजला होता. दाढ किडलेली, देऱ्यातला कोणी दंतवैद्य दुसऱ्या दिवशी उपटून देणार होता. मी म्हटलं, दाढेला हात लावायच्या आधी छाती दाखवायची. तो हसला. "दाढेचा आणि छातीचा काय संबंध?" माझा नवरा नागेशही म्हणाला, पोराला उगाच घाबरवू नकोस. पण जिला एकविसाव्या वर्षी तिच्याच भावाने हृदयरोगी ठरवलं, ती बाई त्या विषयावर हाती लागेल ते वाचत आली आहे. झडप जाड असेल, गळत असेल, तर दाढेच्या जखमेतून रक्तात गेलेले जंतू तिथे जाऊन घर करतात. तुम्ही डॉक्टर, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मुलाला ठाऊक नव्हतं.

इथे डॉ. सुरैय्या म्हणून हृदयाच्या डॉक्टर आहेत. मूळच्या हैदराबादच्या. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवून, गार जेली लावून त्या स्वतः इको करतात, कुणा मदतनिसावर सोडत नाहीत. मला बाजूला उभं केलं आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. डाव्या बाजूची ती दोन पाकळ्यांची झडप. हृदय आवळलं की पाकळ्यांनी मिटून रक्त अडवायचं. अंकुरची एक पाकळी मिटता मिटता मागे वरच्या कप्प्यात फुगत होती, वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तशी.

"इनकी पत्ती मोटी है," त्या म्हणाल्या. "पाँच मिलिमीटर के ऊपर गई तो मैं कान खड़े करती हूँ. ये छह है. थोड़ा लीक भी है. दिल की साइज़ बिल्कुल ठीक. डरने का नक्को, बेटा. मगर भूलने का भी नक्को."

दाढेआधी अँटिबायोटिक, दर वर्षी एक इको, पोहणं-पळणं चालू. बस. तुम्ही मला याच फुगणाऱ्या पाकळीचा एक शब्द दिला होता, 'प्रोलॅप्स', आणि त्या शब्दावर माझी इतकी वर्षं कोंडली. या बाईने त्याला माप दिलं आणि घरी पाठवलं.

निघताना त्यांनी विचारलं, "घर में और किसको है? ये चीज़ ख़ानदान में चलती है."

मी अप्पांचं नाव घेणार होते. त्याआधी अंकुर बोलला. खाली बघून. "बाबा दोन उशा घेतल्याशिवाय झोपत नाहीत. जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात."

माझी एकच मागणी आहे. कोल्हापूरला जा आणि इको करून घ्या. माझ्या भांडणाचं नंतर बघू.

शोभना

ता. क. अंकुरच्या रिपोर्टची प्रत सोबत आहे. त्याला विचारून पाठवते आहे. मला माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.


अबुधाबी
शुक्रवार, ७ जानेवारी २०००

दादा,

तुमचं उत्तर मिळालं. औषधं लिहायच्या कागदावर चार ओळी. "अंकुरला अँटिबायोटिक दिलं ते योग्य. मला काही झालेलं नाही, मी माझी छाती रोज ऐकतो. तू तुझी झडप सांभाळ आणि या वयात व्यासपीठावर ओरडत जाऊ नकोस. नऊ वर्षांपूर्वी जे बोललो त्यात बदल नाही."

ठीक आहे. माझी झडप सांभाळायची तर ती आधी बघायला हवी. अठरा वर्षांत ती कुणी बघितली होती? मी सुरैय्यांकडे परत गेले. या वेळी स्वतः निजले.

त्यांनी यंत्र छातीला लावलं आणि मी माझी हकीकत सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात उचलला. "आपा, दो मिनट तक़रीर बंद. आपकी ज़बान चलती है तो मेरी तस्वीर हिलती है." मला गप्प करणारी ही जगातली दुसरी व्यक्ती. पहिले तुम्ही.

मग त्या बघतच राहिल्या. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, बरगड्यांमधून, पोटाकडून. शेवटी म्हणाल्या, "किसने बोला आपको प्रोलॅप्स है?"

मी एक्याऐंशीचा तो पिवळा रिपोर्ट पुढे केला. मुंबईच्या इस्पितळाचा. त्यांनी वाचला आणि टेबलाच्या खणातून उभ्या डब्यातल्या चिप्स काढल्या. आपण इथून गावी नेतो ना, त्याच. एकीवर एक रचलेल्या, दोन्ही बाजूंनी वाकलेल्या. रोजे चालू होते, बाई काही खात नव्हत्या. माझ्यासमोर एक चिप धरली.

"झडपेची कडी अशी असते," त्यांचं म्हणणं मी मराठीत सांगते. "सपाट नाही. घोड्याच्या खोगिरासारखी. दोन बाजू वर, दोन खाली. खालच्या बाजूंनी बघितलं तर पाकळी कडीच्या वर गेल्यासारखी दिसते. ती गेलेली नसते, कडीच तिथे खोल असते. त्या काळात सगळे त्याच बाजूने बघायचे. दहा निरोगी पोरी निजवल्या तर दोघी-तिघींना प्रोलॅप्स दिसायचा. आता आम्ही लांबीच्या बाजूने बघतो, पाकळी किती वर जाते, किती जाड, किती गळते, सगळं मोजतो. तुमची पाकळी कागदासारखी पातळ आहे. गळती नाही. तुम्हाला हा आजार कधीच नव्हता."

चिप त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "आप खा लीजिए. आपका तो रोज़ा नहीं है."

मी खाल्ली, दादा. आपल्या आयुष्यातली अठरा वर्षं कुडुम्‌ करून चावून टाकली. आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. रडले नाही. हिशेब करत होते.

आठवतं का? कृष्णेच्या घाटावर तुम्ही दूर पायऱ्यांवर उभे राहायचात, हातात वाटी आणि चमचा. मी इकडून भाषण करायची. आवाज पोचला नाही की तुम्ही हात वर करायचात. चार मिनिटांना एक टोला, पाचला दुसरा. "दुसऱ्या घंटेनंतर एक शब्द नाही, शोभे. वाक्य अर्धं तुटलं तरी चालेल. घंटेवर बोलणारा वक्ता म्हणजे पाहुणा उठल्यावर वाढणारा यजमान." तुम्ही मला घडवलंत. हे मी कुठल्याही व्यासपीठावर नाकारलेलं नाही.

आणि त्याच तुम्ही, राज्य पातळीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या आधी, धडधडतं म्हणून माझ्या छातीला कान लावलात. एकवीस वर्षांची मुलगी, हजार माणसांसमोर बोलायला जाणार, तिच्या छातीत धडधडणार नाही तर काय होणार? तुम्हाला टिक्‌ असा आवाज आला. तुम्ही नवे डॉक्टर होतात. मुंबईला नेलंत, रिपोर्ट आणलात आणि अप्पांना म्हणालात, "व्यासपीठ बंद." मग लग्न ठरताना तोच रिपोर्ट नागेशच्या घरी पाठवलात, मूल नको म्हणून पत्र लिहिलंत. नागेशने तो रिपोर्ट घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातला, म्हणून शुभ्रा जन्मली. ती आता तेरा वर्षांची आहे. मी हे पत्र मोठ्याने वाचत लिहिते आहे, तर आतून ओरडते आहे, "मम्मा, द नेबर्स कॅन हिअर यू!"

ऐकू देत.

तुम्ही चुकलात याचं मला दुःख नाही. तेव्हा सगळेच चुकत होते. मला राग याचा आहे की त्यानंतर तुम्ही एकदाही पुन्हा बघितलं नाही. यंत्रं बदलली, मापं बदलली, गेल्याच वर्षी अमेरिकेत मोठा अभ्यास छापून आला की हा आजार आपण समजत होतो त्याहून किती तरी कमी लोकांना असतो. तुमच्याकडे मासिकं येतात. तुम्ही ती वाचता. पण बहिणीच्या बाबतीत निकाल लागलेला होता.

आणि ज्याच्या बाबतीत निकाल लावायला हवा, त्याला कुणी झोपवून बघितलंच नाही. अप्पांचा दमा! आडवं झालं की येणारा खोकला, छातीवरचा तो पंजा, पायावरची सूज. कुवेतच्या भानगडीत, नव्वद साली, मी शुभ्राला घेऊन चार महिने कराडला राहिले, तेव्हा ते सगळं डोळ्यांसमोर होतं. त्यांनी मला शाळेतली नोकरी सोड म्हटलं, मी नाही म्हटलं, आवाज चढला. पंधरा दिवसांनी ते गेले.

मी सुरैय्यांना विचारलं, ते झडपेने गेले असतील का? त्या म्हणाल्या, "जिनकी तस्वीर नहीं, उनका फ़ैसला मैं नहीं करती."

म्हणून मीही करत नाही. मी म्हणत नाही की अप्पा झडपेने गेले. पण तुम्ही मला सांगा, कोणती तस्वीर बघून तुम्ही म्हणालात की ते माझ्या तोंडाने गेले? आणि ऐका: ते भांडण मी आजही करीन. तशाच चढ्या आवाजात करीन. नोकरी माझी होती.

तुमची तस्वीर मात्र अजून काढता येते. जा.

उद्या ईद आहे. खाली मुलं आत्तापासून फटाके लावताहेत.

शोभना


अबुधाबी
शुक्रवार, ३१ मार्च २०००

दादा,

कुंदावहिनीचा फोन आला होता. तिने लपून केलेला नाही, तुमच्यासमोर केला आणि तुम्ही पेपर वाचण्याचं सोंग करत होतात, असं तिनेच सांगितलं.

"वन्सं, आता दोनाच्या तीन उशा झाल्यात. परवा देवाला फुलं काढायला परसात गेले आणि तुळशीच्या कट्ट्यावर बसून राहिले. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले, ऊन खातोय. वन्सं, सूर्य मावळला होता हो."

आणि तुम्ही अप्पांसारखाच दम्याचा पंप ओढता. स्वतःच स्वतःला लिहून दिलेला.

अंकुरकडून तुमचा निरोप कळला: "आत्याकडे जाणं बंद कर, नाहीतर नोकरी सोडून घरी ये." त्याने तुम्हाला फोनवर काय उत्तर दिलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. मी पढवलेलं नव्हतं. "बाबा, मी दोन्ही करणार नाही. तुम्ही आधी इको करा, मग मला हुकूम करा." पोराचा आवाज थरथरत होता. पण वाक्य पुरं केलं त्याने. आपल्या घरात तुमच्यापुढे पुरं वाक्य बोलणारा तो तिसरा माणूस असेल.

तुमचा मुद्दा मी टाळत नाही. तुम्ही म्हणता, रोज स्टेथोस्कोप लावून ऐकतो. थोडा आवाज आहे, वयाचा आहे. दादा, वादविवादात तुम्हीच शिकवलंत, प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी हातात घ्यायचा. घेते. तुमचा कान उत्तम आहे. तालुक्यात तुमच्याइतका कान कुणाचा नाही. पण रोज ऐकणाऱ्याला रोज कणाकणाने वाढणारा आवाज कळत नाही. घरात राहणाऱ्याला पोर वाढलेलं कळत नाही, पाहुण्याला कळतं. आणि कान सांगतो, गळतंय. किती गळतंय, पाकळी किती जाड झाली, आतला कप्पा किती ताणला, हे कान सांगत नाही. आणि धोका सगळा त्या 'किती'मध्ये आहे. माझ्या बाबतीत तुम्ही एवढ्याशा आवाजावर मोठा निकाल दिलात. स्वतःच्या बाबतीत मोठ्या आवाजावर निकालच देत नाही. ही कुठली न्यायबुद्धी?

तुम्ही घाबरता. लिहून टाकते. तुम्हाला मरणाची भीती नाही. नदीच्या पुरात तुम्ही रुग्ण बघायला पोहत गेलेले मला माहीत आहे. तुम्हाला भीती आहे ती त्या पडद्याची. त्यावर तुमची झडप दिसली की अप्पांची दिसेल. आणि अप्पांची दिसली की तेराव्याचं ते वाक्य मागे घ्यावं लागेल. त्या एका वाक्यासाठी तुम्ही मरायला तयार आहात.

मी तुम्हाला मरू देणार नाही. जुलैत शाळेला सुट्टी लागते. तोवर तुम्ही कोल्हापूरला गेला नाहीत, तर मी कराडला येईन, तुमच्या दवाखान्याच्या पायरीवर उभी राहीन आणि तुमच्या रुग्णांपुढे भाषण करीन. मला ध्वनिक्षेपक लागत नाही. तुम्हीच तशी तयारी करून घेतली आहे.

शोभना


अबुधाबी
शुक्रवार, २१ जुलै २०००

दादा,

वहिनी म्हणते, तुम्ही गावभर सांगता की बहिणीने गर्दी जमवून धिंगाणा घातला. माझी बाजूही कागदावर राहू द्या.

गर्दी मी जमवली नाही. सोमवार होता, बाजाराचा दिवस, तुमचा दवाखाना आधीच भरलेला. मी पायरीवर उभी राहिले आणि फक्त एवढंच म्हटलं, "मंडळी, नमस्कार. मी डॉक्टरांची बहीण. डॉक्टर आजारी आहेत आणि औषध घेत नाहीत." बाकड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, मग आमी कुनाकडं बगायचं?" तुमचा केरू कंपाउंडर धावत आला. "ताई, आत चला, लोकं बघत्यात." मी म्हटलं, "बघायलाच आलीत केरूभाऊ, बघू द्या."

मग तुम्ही बाहेर आलात. आतल्या खोलीपासून पायरीपर्यंत. तेवढंच अंतर, आणि दाराची चौकट धरून तुम्ही उभे राहिलात, तोंड उघडलंत आणि शब्द आला नाही. दम लागला होता. माझं भाषण तिथेच संपलं असतं तरी चाललं असतं, सगळ्यांनी बघितलं. त्या म्हातारीने पदर तोंडाला लावला. केरू खुर्ची आणायला पळाला.

तुम्ही बसलात. मला वाटलं, आता मला हाकलणार. तुम्ही केरूला खूण केलीत. त्याने टेबलावरची घंटी आणून तुमच्या मांडीवर ठेवली, रुग्णाला आत बोलवायची ती. तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघितलंत.

"पाच मिनिटं," तुम्ही म्हणालात. "बोल."

दादा, मी चाळिशीला आले. इथल्या मंडळात, शाळेत, शेकडो वेळा बोलले आहे. एवढी घाबरले कधी नव्हते. आणि एवढी चांगली बोललेही कधी नव्हते. मी तुमच्यावर आरोप केले नाहीत. अंकुरची पाकळी सांगितली, माझी सांगितली, अप्पांचा खोकला सांगितला. लोकांना सांगितलं की छातीतला प्रत्येक आवाज म्हणजे मरण नव्हे, आणि प्रत्येक दमा म्हणजे दमा नव्हे. कुठला कुठला हे यंत्र लावून मोजता येतं, आणि मोजून मग भ्यायचं की नाही ते ठरवता येतं. चौथ्या मिनिटाला तुम्ही टोला दिलात. मी आवरतं घेतलं. शेवटाकडे आले, तुमच्याकडे वळले आणि म्हटलं, "दादा, मला तुम्ही—"

दुसरा टोला पडला.

मी गप्प झाले. अख्खा दवाखाना पुढचं ऐकायला टपून बसलेला, आणि मी गप्प. त्या म्हातारीने विचारलंही, "फुडं काय?" तुम्ही म्हणालात, "पुढं नाही. नियम आहे." मग केरूला म्हणालात, "आज दवाखाना बंद. जीप काढ."

मला सोबत घेतलं नाहीत. ठीक. परतीचं तिकीट माझं दुसऱ्या दिवशीचं होतं.

रिपोर्ट तुम्ही अंकुरच्या ऑफिसात फॅक्स केलात, मला नाही. तेही ठीक. तो काल घेऊन आला, आम्ही दोघं सुरैय्यांकडे गेलो. त्यांनी उभ्यानेच वाचला आणि मग खाली बसल्या. मागची पाकळी जाड, सात मिलिमीटर. तिला धरणारी एक दोरी तुटलेली. गळती मोठी. वरचा कप्पा ताणलेला. हृदय पूर्ण आवळल्यावरही खालचा डावा कप्पा चव्वेचाळीस मिलिमीटर.

"ऑपरेशन के लिए पैंतालीस तक लोग रुकते हैं," त्या म्हणाल्या. "मेरे अब्बा होते तो मैं आज फ़ोन करती. अभी वॉल्व की मरम्मत हो सकती है, अपना ही वॉल्व रहेगा. देर की तो दिल की साइज़ वापस नहीं आती."

आणि तुम्ही वहिनीला सांगता, दिवाळीनंतर बघू, पावसाळ्यात रुग्ण फार असतात! दादा, इतकी वर्षं मला 'धोका आहे, धोका आहे' म्हणून घरात बसवायला निघालेला माणूस, त्याच्यापुढे खरा धोका आकड्यांत मांडलाय आणि त्याला दिवाळी दिसते आहे. मुंबईची तारीख घ्या. तुमच्या रुग्णांना सांगायला मी परत येऊ का? रजा शिल्लक आहे माझी.

शोभना


अबुधाबी
शुक्रवार, १८ ऑगस्ट २०००

दादा,

तारीख घेतलीस हे अंकुरने सांगितलं. हे पत्र त्याच्याबरोबर पाठवते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझ्या हातात द्यायला सांगितलं आहे. आधी दिलं तर उत्तर लिहीत बसशील. मी मागाहून पोचते. नागेश आणि शुभ्राही येताहेत. शुभ्रा म्हणते, "मामा इज स्केअर्ड ऑफ यू, मम्मा." मी म्हटलं, अजिबात नाही, तोच तर प्रश्न आहे.

तुझी चिठ्ठी अंकुरने दिली. एकच ओळ. "शोभे, तेराव्याला मी जे बोललो त्याला कुठलीही तस्वीर नव्हती." मी ती वाचली. दोनदा वाचली. उत्तर देत नाही. भूल उतरली, तू नीट बसायला लागलास, की त्यावर आपण सविस्तर भांडू. माझ्याकडे नऊ वर्षांची तयारी आहे. आजाऱ्याला पाडण्यात मला रस नाही, आणि तू सुटलास असंही समजू नकोस. अंतिम फेरी तू माझी चुकवलीस. ती मला उभ्या, धडधाकट प्रतिस्पर्ध्याबरोबर खेळायची आहे.

अंकुर तुझ्या खोलीबाहेर असेल. आत येऊ दे त्याला. त्याच्या छातीत काय आहे ते आता त्याला मापासकट ठाऊक आहे, तुझ्या छातीत काय होतं तेही. तो घाबरलेला दिसत नाही. तू त्याला झोपवून ठेवणार होतास. परवा तो खाडीतून पोहून आला.

उद्या त्या टेबलावर तुला नेतील तेव्हा तुझ्या छातीत धडधडेल. मोठ्या व्यासपीठावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या धडधडतं. तो आजार नव्हे. हे मला तू सांगायला हवं होतंस. नाही सांगितलंस, म्हणून मी सांगते.

राहिलं माझं वाक्य. त्या दिवशी घंटेवर अडकलं ते. गुण जाऊ देत, नियम मोडते:

दादा, मला तू हवास, कारण नदीच्या पलीकडे उभं राहून माझा आवाज पोचतो की नाही हे ऐकणारं माणूस मला या जगात एकच मिळालं, आणि ते तिथे नसेल तर मी कितीही मोठ्याने बोलले तरी मला काही कळणार नाही.

आता वाजव घंटा.

तुझी
शोभा